विसराळू वडिलांची सही

ज्या अब्बांना चाळीस वर्षांची उधारी तोंडपाठ होती, तेच एक दिवस सुताच्या एकाच बिलाचे पैसे दोनदा चुकते करतात. दलाल मुकाट्याने खिशात घालतो. मुलगा म्हणतो, "वय झाले, चालायचेच." पुढच्या महिन्यात अब्बांच्या सहीचा कोरा चेक भलत्याच हाती गेलेला असतो.

व्यापारी घरात स्मृतिभ्रंश पुष्कळदा असा गल्ल्यावरच प्रथम दिसतो. नाव-गाव आठवते, सवयीने नमाजही होते, पण हिशेब चुकतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना हा विकार आहे. हा मेंदूचा आजार आहे. लोक काय म्हणतील म्हणून आपण तो झाकतो, आणि लबाडांना नेमका हाच पडदा हवा असतो.

लबाड म्हणजे फोनवर ओटीपी विचारणारा किंवा जुना मुनीम एवढेच नव्हे. स्पष्ट बोलायचे तर धोका घरातच अधिक. एक भाऊ अब्बांना रिक्षात घालून नेतो, कागदावर अंगठा घेतो आणि घर त्याच्या नावे होते. बहिणींना कळते ते मयतीनंतर. वर "अब्बांनी मला हिबा केला" हे ऐकवायला तो मोकळा! मुस्लिम कायद्यात हिबा तोंडीही होतो हे खरे, पण देणारा शुद्धीवर व समजदार हवा, घेणाऱ्याने तो स्वीकारला पाहिजे आणि ताबाही दिला गेला पाहिजे. 1872 च्या करार कायद्याचे म्हणणेही तेच: सही करताना व्यवहार आणि त्यातले आपले हित-अहित समजले पाहिजे.

म्हणूनच आजाराची सुरुवात असते तोच काळ महत्त्वाचा. निदान झाले म्हणजे लगेच सही बाद होत नाही. वडिलांना समजते आहे तोवर डॉक्टरांचा दाखला घेऊन, सर्व मुला-मुलींसमोर कागद करून घ्यावेत. घर कुणाच्या नावे करायचेच असेल तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्यात लिहून घ्या. अट मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकते.

मुखत्यारपत्राबाबत मात्र मोठा गैरसमज आहे. मुलगा म्हणतो, माझ्याकडे कुलमुखत्यारपत्र आहे, मग चिंता कसली? पण करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे ते देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारीही संपते. म्हणजे ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी कागद निकामी! त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयातच जावे लागते. भागीदारीची पेढी असेल तर भागीदाराची समज गेली म्हणून ती आपोआप मोडत नाही, 1932 च्या कायद्याने तोही निर्णय न्यायालयाचाच. तेव्हा करारनाम्यात आधीच कलम घालून ठेवावे.

लिहून ठेवण्याची आपल्याला नवलाई नसावी. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देणे-घेणे लिहिण्याचा आणि साक्षीदारांचा आदेश आहे. ज्याला स्वतः सांगता येत नाही त्याच्या वतीने वलीने न्यायाने लिहून द्यावे, हेही तिथेच आहे. मग जो भाऊ कारभार पाहतो त्याने दरमहा बहीण-भावांपुढे वही उघडायला का लाजावे? हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे नव्हे, व्यापाऱ्याला हे सांगावे लागू नये.

बँकेत "दोघांपैकी कोणीही" अशा संयुक्त खात्यातून दुसरा सर्व रक्कम काढू शकतो, हे ध्यानात ठेवूनच नाव जोडा. चेकबुके कुलपात ठेवा, व्यवहाराचे संदेश दोन भावंडांच्या फोनवर येतील असे पाहा. घरातलाच कोणी लुबाडत असेल तर 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर विचारणा करता येते.

आणि अब्बांचा गल्ला एकदम काढून घेऊ नका, त्याने माणूस खचतो. थोडी शिल्लक असलेले वेगळे खाते आणि खिशात रोजचे शे-दोनशे त्यांच्याकडे राहू द्या. दोनदा दिले गेले तरी तेवढेच जातील.