मुरमाड उतारांची पावणेदोनशे वर्षं

सोलापूर म्हटलं की काळीभोर जमीन आणि रब्बीची ज्वारी आठवते. सीना, भोगावती, भीमेच्या काठची ती जमीन, मंगळवेढ्याचं शिवार, मालदांडीची कणसं. या जिल्ह्याच्या मातीबद्दल जे काही लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक या काळ्या रानाबद्दलच आहे. बार्शीहून येडशीकडे निघालं की मात्र रान बदलतं. रस्ता चढाला लागतो, बालाघाटाच्या टेकड्या जवळ येतात आणि काळ्या रंगाच्या जागी तांबूस-करडा मुरूम दिसू लागतो. त्यात खडे, गोटे, मधूनच उघडा पडलेला कातळ. हिवर, खैर, धावडा, सीताफळीची झुडपं आणि तरवडाची पिवळी फुलं. या उतारांना कुणी बरड म्हणतं, कुणी माळ म्हणतं, सातबारावर त्यांची नोंद पोटखराबा म्हणून होते. त्या मातीचा हा मागोवा आहे, कारण गेल्या पावणेदोनशे वर्षांत तिच्याविषयी जितके निर्णय झाले, तितका तिचा अभ्यास झाला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ती माती कशी असते ते पाहू. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचे थर एकावर एक बसले, काही घट्ट काळ्या पाषाणाचे, काही सच्छिद्र मांजऱ्या खडकाचे. पाणी भेगांतून उतरलं की पाषाण कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटत जातो. त्या सुटलेल्या, हाताने चुरगळणाऱ्या भागाला आपण मुरूम म्हणतो. मुरमाचा वरचा थर आणखी झिजला, त्यात पालापाचोळा, मुळं, किडेमुंग्या मिसळल्या की माती होते. सपाट जागी ही माती साठत राहते. उतारावर मात्र बारीक चिकणमाती पावसाबरोबर खाली जाते आणि दोन मिलिमीटरहून मोठे खडे मागे राहतात. शेकडो पिढ्या ही निवड चालू आहे. सीना-भोगावतीच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत वरच्या उतारांवरून वाहून आलेल्या बारीक मातीचाही वाटा आहे. डोंगरानं दिलं म्हणून शिवार पिकलं.

खडे आहेत म्हणून माती निकामी, हा समज मात्र चुकीचा आहे. पृष्ठभागावर विखुरलेले खडे पावसाच्या थेंबाचा मार स्वतः झेलतात, त्यामुळे खालची बारीक माती फुटत नाही, तिच्यावर पापडी धरत नाही आणि पाणी लवकर मुरतं. खडे मातीच्या पोटात असतात तेव्हा हिशेब वेगळा होतो. एक फूट खोल मातीत निम्मे खडे असतील, तर झाडाच्या वाट्याला सहा इंचच माती येते, तेवढ्यातच ओलावा आणि अन्न. म्हणून अशा जागी पीक टिकत नाही. गवत टिकतं, कारण त्याची दाट तंतुमुळं त्या वरच्या थरातच पसरतात. झाड टिकतं ते मुरमाच्या भेगांत मूळ घालून. मुरमात शिरलेलं पाणी खालच्या विहिरींना लागतं. वाळवी भेगांतून बारीक माती वर आणते, वारुळं फुटतात, ती माती पुन्हा पसरते. झाडोऱ्याखाली पाचोळा कुजून बोट-दोन बोटं काळसर थर तयार होतो. उतारावरचं सगळं जगणं त्या थरावर चालतं. तो गेला की पुढच्या कैक पिढ्यांत परत येत नाही.

या मातीची पद्धतशीर प्रतवारी महसुलासाठी झाली. इंदापुरात 1836 साली नवी जमाबंदी लागू झाली आणि तीच पद्धत पुढे सोलापूरकडे आली. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या 1847च्या संयुक्त अहवालानं तिचे नियम पक्के केले. मातीचे तीन वर्ग ठरले. पहिला काळ्या मातीचा, दुसरा तांबूस मातीचा, तिसरा खडकाळ, भुसभुशीत, करड्या मातीचा. खोली हातांत मोजायची, किंमत आण्यांत लावायची, वरच्या पायरीला सोळा आणे. शिवाय दोषांच्या खुणा होत्या, चुनखडीचे गोटे, वाळू, उतार वगैरे. एका दोषामागे जमीन एक पायरी खाली. उतारावरची मुरमाड माती अशी तिसऱ्या वर्गात आणि दोषासकट सुरुवातीलाच तळाला गेली. सारा ठरवण्यासाठी ही पद्धत फार काटेकोर होती, शेतकऱ्यावर न पिकणाऱ्या जमिनीचा बोजा पडू नये हा तिचा हेतूही रास्त होता. पण कर बसवण्यासाठी केलेला हिशेब पुढे जमिनीची लायकीच होऊन बसला. ज्याला सारा नाही, त्याला मोल नाही.

1884च्या सोलापूर गॅझेटियरनं मात्र एक शहाणी गोष्ट नोंदवली आहे. वरच्या माळांची उथळ माती चराईला योग्य आणि खोलगट भागातली खोल माती मेहनतीनं केल्यास फार फळणारी, असा तिचा आशय आहे. दुष्काळाच्या सावलीत लिहिलेलं ते पुस्तक आहे. 1876 ते 1878च्या दुष्काळानं सोलापूर होरपळलं होतं.

पुढचा टप्पा खरा मोलाचा. रॉयल कृषी आयोगाच्या शिफारशींनंतर 1933 साली सोलापूरला कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झालं. मुंबई प्रांताच्या या कामाचे प्रमुख ना. वि. कानिटकर. पावसाचं किती पाणी जमिनीवरून वाहून जातं, त्याबरोबर किती माती जाते, हे आखलेल्या वाफ्यांवर प्रत्यक्ष मोजण्याचं काम देशात ज्या ठिकाणी सुरू झालं, त्यांत सोलापूर अगदी आघाडीवर आहे. त्या अनुभवातून बांधबंदिस्ती, खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी यांची कोरडवाहू शेतीची मुंबई पद्धत बसली. कानिटकरांचं भारतातील कोरडवाहू शेतीवरचं इंग्रजी पुस्तक 1944 साली आलं. माती हा वाहून जाणारा साठा आहे आणि तो मोजता येतो, हे त्या मंडळींनी दाखवून दिलं. सोलापूरकरांनी याचा अभिमान बाळगायला हवा. हातमाग आणि चादरीइतकाच.

1942च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानं बांधबंदिस्तीला कायद्याचं बळ दिलं. शेताशेतांत ताली आल्या. पण काम बहुतेक पिकाऊ जमिनीवर झालं, वरचा माळ तसाच राहिला. वर उतार उघडा असेल तर पहिल्याच वळवाचा लोंढा खालच्या तालीवर येतो, ती फुटते. 'माथा ते पायथा' हे पाणलोट विकासाचं सूत्र आज प्रत्येक सरपंचाच्या तोंडी आहे, त्यामागे ही फुटलेल्या बांधांची शिकवण आहे.

मग 1972. खडी फोडणाऱ्या बायका-माणसांच्या रांगा, सुकडी, कोरड्या विहिरी. त्या दुष्काळातून रोजगार हमी आली, तिचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. नालाबंडिंग, पाझर तलाव, समतल चर ही कामं रोहयोवर झाली. 1983 साली सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम आला. लाखो हातांना काम मिळालं, माणसं जगली, ही या योजनांची मोठी जमा बाजू आहे.

त्याच सुमारास नान्नजच्या माळानं एक वेगळाच धडा दिला. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून काही माळ राखले गेले, चराई थांबली आणि पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं उभी राहिली. त्या गवतात माळढोक दिसू लागला. 1979 साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. आज माळढोक इथे जवळपास नाहीसा झाला आहे. पक्षी गेल्याचं दुःख आहेच, पण मातीच्या अंगानं पाहिलं तर नान्नजचा निकाल लख्ख आहे. मुरमाड जमिनीवर चराई आवरली, फावडं लावलं नाही, तरी ती स्वतःहून झाकली जाते. त्यासाठी वेळ लागतो आणि राखण लागते. खर्च फारसा लागत नाही.

हा धडा आपण घेतला नाही. माळ उघडा दिसतो म्हणून झाडं लावायची, हीच सर्वांची सहज प्रतिक्रिया. सुबाभूळ आली, गिरिपुष्प आलं. राज्यात 2016 पासून 2019पर्यंत 2 कोटी, 4 कोटी, 13 कोटी, 33 कोटी असे वृक्ष लागवडीचे आकडे वाढत गेले. सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्र सुमारे 14,900 चौरस किलोमीटर, त्यात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे इथे झाडं हवीतच यात वाद नाही. प्रश्न कुठे आणि कशी, हा आहे. समतल चर साधारण दोन फूट रुंद आणि एक-दीड फूट खोल असतो. ज्या उतारावर मातीच चार-सहा इंच आहे, तिथे हा चर बराचसा मुरमातच जातो. माणसानं कुदळीनं खणलेला चर निदान माती एका बाजूला आणि मुरूम एका बाजूला ठेवू शकतो. यंत्रानं एकाच घासात दोन्ही उचललं की मुरूम वर येतो आणि शतकांचा काळसर थर खाली गाडला जातो. त्याबरोबर गवताचं बी आणि गड्डेही. वरून पाहणाऱ्याला रेखीव चर दिसतात, हिरवळ मात्र आधीपेक्षा विरळ होते. चर हे उत्तम साधन आहे, पण उघड्या, घसरत्या, गवत नसलेल्या उतारासाठी. जिथे पवन्या उभा आहे तिथे त्याची गरज नाही.

फळबागांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. डाळिंबाला पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून सांगोला-पंढरपूरकडच्या मुरमाड जमिनीत ते पिकलं. 2005 साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात आलं, 2016 साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याची 'एनएमके-1 गोल्डन' ही सीताफळाची जात तर देशभर गेली. ज्या जमिनीला विंगेटसाहेबांच्या तक्त्यात सर्वांत कमी आणे होते, तिनं घरं उभी केली, पोरं शिकवली. शेतकऱ्याच्या या कर्तृत्वापुढे हात जोडावेत. मात्र ठिबकवर चालणाऱ्या बागेसाठी टेकडीचा उतारच्या उतार फोडला, तर पाणी खालच्या विहिरीतून वर न्यावं लागतं आणि त्या विहिरीला पाणी देणारा माळ तर आपणच उलटवलेला असतो.

आणि तिसरा वाटेकरी रस्ता. महामार्गांच्या भरावाला मुरूम लागतो, तो गौण खनिज म्हणून ब्रासच्या हिशेबानं उचलला जातो. स्वामित्वधन भरलं की व्यवहार पुरा. मुरमावरच्या चार बोटं मातीचा त्या पावतीत उल्लेखही नसतो.

रामलिंगच्या घाटात 1997 साली येडशी रामलिंग घाट अभयारण्य झालं. क्षेत्र बावीस-तेवीस चौरस किलोमीटर, धाराशिव जिल्ह्यात, पण बार्शीच्या उंबऱ्यावर. पावसाळ्यात तिथल्या झाडीखालची माती मुठीत घ्या आणि लगतच्या उघड्या टेकडीवरची घ्या. खडक तोच, पाऊस तोच. एक मूठ काळसर, ओली, मुळांनी बांधलेली, दुसरी नुसता खडा. 2024च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालून आलेला वाघ याच घाटात दिसला आणि बार्शी तालुक्यातही फिरला. वाघाला लपायला जागा मिळाली, ती या पातळ, खडकाळ मातीनं धरून ठेवलेल्या रानामुळे.

यंदा आपल्या गावच्या टेकडीवर चर किंवा वृक्ष लागवडीचं काम मंजूर झालं, तर ग्रामसभेत एवढंच मागा: यंत्र येण्याआधी चार ठिकाणी हातभर खड्डे खणून मातीची खोली मोजा आणि ती नोंद आराखड्याला जोडा. माती वीतभरही नसेल आणि वर गवत असेल, तर तिथे काही खणू नका. दोन पावसाळे चराई थांबवा आणि वणवा लागू देऊ नका.