स्मृतिभ्रंशाची मोजणी आणि जनतेचा पैसा

स्मरणशक्ती, भाषा, दिशांचे भान आणि व्यवहारातील निर्णयक्षमता इतकी ढासळते की माणसाला रोजचे जगणे स्वतःच्या बळावर चालवता येत नाही, त्या अवस्थेला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात, आणि मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट करणारा अल्झायमर हा आजार त्याचे सर्वांत मोठे कारण आहे. 'वय झालं, चालायचंच' असे म्हणून घरोघरी त्याकडे काणाडोळा होत असल्याने भारतात असे रुग्ण किती, याचे देशव्यापी उत्तर अलीकडेपर्यंत नव्हते. ते मिळाले ते प्रामुख्याने भारत आणि अमेरिका या दोन देशांच्या सार्वजनिक निधीतून.

मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया या विद्यापीठांसह 'लासी' हा दीर्घकालीन अभ्यास, म्हणजे त्याच व्यक्तींची काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पाहणी करणारा अभ्यास, हाती घेतला. त्याचा खर्च केंद्रीय आरोग्य मंत्रालय, अमेरिकेची राष्ट्रीय वार्धक्य संस्था आणि संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी यांनी उचलला, आणि २०१७-१८ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जणांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी साठीपुढील ४,०९६ जणांची सखोल तपासणी दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने 'लासी-डॅड' या उपक्रमात झाली, ज्यात मुंबईचे जे. जे. रुग्णालयही सहभागी होते.

या तपासणीतील खरी अडचण अक्षरओळखीची होती, कारण पाश्चात्त्य चाचण्यांत वाक्य वाचणे व लिहिणे अपेक्षित असते आणि शाळेची पायरी न चढलेली धडधाकट आजीही त्यात नापास ठरते. त्यावर १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड येथे भारत-अमेरिका प्रकल्पातूनच तयार झालेली चाचणी उपयोगी पडली: तीत आंबा, खुर्ची आणि नाणे हे शब्द लक्षात ठेवायला सांगतात, सकाळ आहे की संध्याकाळ हे विचारतात, आणि लिहिण्याऐवजी घराविषयी एक वाक्य बोलायला लावतात. त्याच्या जोडीला घरच्या माणसाला रुग्णाच्या वागण्यातील बदल विचारले जातात, आणि सर्व माहिती पाहून डॉक्टर एकमताने निदान करतात.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूरसारख्या गावांना हा निष्कर्ष थेट लागू पडतो, कारण या सीमावर्ती भागात मराठीबरोबर बंजारा, गोंडी आणि तेलुगू बोलली जाते, अनेक वृद्धांना शालेय शिक्षण मिळालेले नाही आणि तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायची तर सहसा नांदेड गाठावे लागते.

अशा संशोधनातून विकण्याजोगे औषध लगेच हाती येत नाही, म्हणून खासगी कंपन्या त्यात क्वचितच पैसा घालतात, आणि वर्षानुवर्षे धीर धरू शकणारा निधी शासनाकडूनच यावा लागतो. मात्र परक्या तिजोरीवर कायम विसंबता येत नाही, हे मे २०२५ मध्ये स्पष्ट झाले, कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी आपल्या अनुदानातून परदेशी संस्थांना पैसा पोचवण्याची जुनी पद्धत थांबवून नवी रचना आणण्याचे जाहीर केले. भारताचा संशोधनावरील एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एका टक्क्याहूनही कमी असल्याने ही बाब अधिकच गंभीर ठरते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा पुढे ढकलता येण्याजोगी आहेत, आणि त्यामागील कारणांत अपुरे शिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण व उपचाराविना राहिलेली अधू दृष्टी यांचा समावेश आहे. यांपैकी रक्तदाब, साखर, कान आणि डोळे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवरही तपासता येतात. म्हणून परदेशी सहकार्य जपतानाच केंद्र व राज्य शासनाने या अभ्यासांसाठी स्वतःची कायमस्वरूपी तरतूद करावी आणि ज्येष्ठांची चाचणी त्यांच्या बोलीत तालुक्याच्या ठिकाणीच व्हावी, ही मागणी मराठवाड्यातील नागरिकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे आग्रहाने मांडली पाहिजे.