दिसतं तसं नसतं, बॉस!

माउसने फोटो उचलला, इथे ठेवला. शीर्षकं मोठी केली, बोल्ड केली, झकास निळा रंग दिला. रविवारच्या एका दुपारी माझी स्वतःची वेबसाइट तयार! तीही कोडची एक ओळ न लिहिता. कॉलर एकदम टाइट. लगेच सगळ्या गँगला लिंक पाठवली.

गँगमधल्या एका मित्राला दिसत नाही. तो बँकेत नोकरी करतो आणि नेटवरची पानं स्क्रीन रीडर नावाच्या सॉफ्टवेअरकडून वाचून घेतो. रात्री त्याचा फोन. ‘‘अगं, तुझ्या पानावर एकही हेडिंग नाहीये. एच दाबून दाबून थकलो. लेख सुरू कुठे होतात?’’

हेडिंग नाही? चांगली चार मोठ्ठी निळी हेडिंग्ज होती की! राइट क्लिक करून पानाचा सोर्स उघडला आणि पोटात गोळाच आला. एका ओळीभोवती सात डिव्ह, कांद्यासारखे एकात एक. शीर्षकासाठी एचटीएमएलमध्ये एच-वन ते एच-सिक्स असे खास टॅग असतात. स्क्रीन रीडर तेच शोधत पुढे उडी मारतो. माझ्या पानात त्यातला एकही नव्हता. कसा असेल? मी एडिटरला ‘अक्षरं मोठी कर’ म्हटलं होतं, ‘हे शीर्षक आहे’ असं कुठे सांगितलं होतं? त्याने बिचाऱ्याने सांगितलं तेवढं केलं.

हे दुखणं जुनंच. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विकत घेतलेलं फ्रंटपेज आणि १९९७ मध्ये आलेलं ड्रीमविव्हर यांच्या जमान्यात पानं म्हणजे टेबलात टेबल आणि मध्ये जागा सोडायला एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र! अर्थात, हाताने कोड लिहिणारे शूरवीरही तेव्हा तेच करायचे. सीएसएस १९९६ मध्येच आलं होतं, पण ते नीट समजायला ब्राउझर्सना बरीच वर्षं लागली. कळस केला तो वर्डने. चार ओळींचं पत्र वेब पेज म्हणून सेव्ह केलं की पानभर कोड. तो कचरा झाडायला ड्रीमविव्हरमध्ये ‘क्लीन अप वर्ड एचटीएमएल’ अशी वेगळी कमांडच द्यावी लागली होती.

आपल्या मराठीने तर याचा चांगलाच फटका खाल्लाय. युनिकोड रुळण्याआधी कित्येक पानं फक्त फॉन्टच्या जिवावर मराठी ‘दिसायची’. आत भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं, वरून फॉन्ट टॅगचा मेकअप. तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नसेल, तर समोर नुसता गिचमिड काला. असा मजकूर मराठीत सर्च करून सापडणार कसा, आणि स्क्रीन रीडर तो वाचणार तरी काय?

फ्रंटपेज २००६ मध्ये बंद झालं. आजची टूल्स खूप शहाणी आहेत. माझ्या एडिटरमध्येही ‘हेडिंग’चा ड्रॉपडाउन होताच, फॉन्ट साइझच्या अगदी शेजारी. मीच बघितला नव्हता! चारही शीर्षकं तिथून बदलली. वीस मिनिटांचं काम. डिव्हचा कांदा मात्र तसाच राहिला, तो सोलणं माझ्या हातात नाही.

मित्राला पुन्हा फोन लावला. त्याने एच दाबलं.

‘‘हां, आता सापडले लेख. पण तुझ्या फोटोवर जी लिंक आहे ना, तिथे हा ‘आयएमजी शून्य शून्य चार’ असं काय बोलतोय?’’