दोन पावसाळे प्यायलेलं तेल

श्रावणात मिठाच्या बरणीचं झाकण सैल राहिलं, की चार दिवसांत मिठाला पाणी सुटतं. आपण ‘सुटतं’ म्हणतो खरं, पण ते पाणी मिठातून आलेलं नसतं. मिठाने ते हवेतून ओढून घेतलेलं असतं. हाच उद्योग स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखालची एक छोटी प्लास्टिकची डबी रात्रंदिवस करत असते. तिच्यातल्या द्रवाला गॅरेजवाले ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. गंमत म्हणजे ते तेल नाहीच. बहुतेक गाड्यांत तो ग्लायकॉल ईथर जातीचा द्रव असतो, आणि त्यात चुकून खरंखुरं इंजिन ऑइल पडलं, तर ब्रेकमधले रबरी सील फुगून निकामी होतात.

आपल्यासमोर उदाहरणाला गाडी ठेवू माझ्दाची एमएक्स-5. 1989 साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची, अंगाने हलकी. साधी बांधणी असल्यामुळे घरच्या घरी पाना हातात घेणाऱ्या मालकांची ती जगभर लाडकी. तिच्या जपानी अभियंत्यांनी डोळ्यांपुढे एक शब्द ठेवला होता: ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. मग या घोड्याचा लगाम म्हणजे ब्रेक.

लगाम किती जोरकस असतो, ते चहाच्या भाषेत मोजता येतं. चालकासह साधारण 1,000 किलोची ही गाडी ताशी 100 किलोमीटरने जात असेल, तर तिच्यात सुमारे 386 किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. कचकन ब्रेक मारला, की जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होऊन चाकांतल्या डिस्क आणि पॅडमध्ये उतरते. एवढ्या उष्णतेत माठातल्या सव्वा लिटर पाण्याला उकळी फुटेल. घरभर चहा होईल! वेग दुप्पट केला, तर उष्णता चौपट. शिवाय पहिल्या एमएक्स-5 ला ताशी 100 चा वेग गाठायला आठ-नऊ सेकंद लागायचे, पण चांगल्या टायरवर थांबायला तीनेक सेकंद पुरतात. म्हणजे आपण ज्याच्या ताकदीचं कौतुक करतो, त्या इंजिनपेक्षा ब्रेकच कितीतरी तगडा.

आता पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो कसा? बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. पेडलखालच्या लहान दट्ट्याने द्रव ढकलायचा आणि चाकापाशी मोठ्या दट्ट्याने पॅड डिस्कवर आवळायचे. सगळी भिस्त एका गोष्टीवर: द्रव दाबला तरी आक्रसत नाही. वाफ मात्र सहज आक्रसते.

इथे त्या डबीची तहान महागात पडते. झाकणाच्या बारीक छिद्रातून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतूनसुद्धा ओलावा आत झिरपतो. डॉट 4 दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस हवा, असं मानक सांगतं. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं, तर हीच किमान अट 155 अंशांवर येते. चमचाभर पाण्याने पाऊणशे अंशांची सुरक्षितता गिळली! ट्रॅकवर जोरात चालवताना डिस्क 500 अंशांपलीकडे जाऊ शकते, आणि तिची धग पॅडमधून, दट्ट्यातून द्रवाकडे सरकत राहते.

त्यातही एक खोच आहे. पेडल दाबलेलं असताना द्रवावर प्रचंड दाब असतो, त्यामुळे तो सहसा उकळत नाही. प्रेशर कुकरमधलं पाणी उशिरा उकळतं तसंच. पाय काढला, दाब उतरला, की तापलेल्या द्रवात बुडबुडे धरतात. पाण्याची वाफ झाली, की तिला सुमारे 1,600 पट जागा लागते. पुढच्या वळणावर पाय पडतो तो या वाफेवर. पेडल मऊ लागतं, खाली जात राहतं, गाडी मात्र पळतच असते. घाट उतरताना ‘ज्या गियरने चढलात त्याच गियरने उतरा’ असं जुने ड्रायव्हर सांगतात. त्यामागचं एक कारण हेच.

मग पाणी न पिणारा द्रव का वापरत नाहीत? असा द्रव आहे: सिलिकॉनचा, डॉट 5. पण त्यात शिरलेलं पाणी मिसळत नाही. ते वेगळं राहून तळाला, म्हणजे चाकापाशी, सगळ्यांत गरम जागी जाऊन बसू शकतं. तिथे गंज धरणार आणि 100 अंशांच्या आसपास उकळणार. ग्लायकॉलचा द्रव तेच पाणी आपल्यात सगळीकडे वाटून घेतो. ज्याला आपण त्याचा दोष समजत होतो, तो त्याचा मोठेपणा निघाला!

या मोठेपणाची परतफेड म्हणजे दर दोन वर्षांनी द्रव बदलणं. नेमकी मुदत आणि दर्जा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. काम दोघांचं. गाडी सपाट जागी, जॅक स्टँडवर भक्कम बसवलेली; नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. एकजण पेडलवर, दुसरा चाकापाशी. तिथल्या द्रव सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ताज्या द्रवात बुडवायचं. “दाब!” “दाबलं.” निपल सैल, जुना तपकिरी द्रव बाहेर, निपल बंद. “आता सोड.” बंद करण्याआधी पाय उचलला, तर हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे दट्ट्या सिलिंडरच्या न वापरलेल्या, गंजलेल्या भागात जाऊन सील फाडत नाही. वरच्या डबीतली पातळी सतत पाहायची आणि नवा डबा सीलबंदच हवा. मागच्या वर्षी उघडलेला डबा तोवर पोटभर प्यायलेला असतो. रंगावर थेंब सांडला तर पुसत बसू नका, ताबडतोब पाणी ओता. हा द्रव रंग खातो, पण पाण्यात विरघळतो. त्याची तहान इथे आपल्या कामी येते. शेवटी पेडल दगडासारखं घट्ट लागलं पाहिजे. मऊ लागलं, तर गाडी जागची हलवायची नाही.

हौसेच्या गाडीचे मालक हमखास म्हणतात, “वर्षात हजार किलोमीटरही चालत नाही, बदलायचं कशाला?” पण कव्हरखाली उभी असलेली गाडीसुद्धा घोट घोट पीतच असते. या द्रवाचं वय मीटरवर दिसत नाही. ते पावसाळ्यांत मोजायचं. म्हणून काम झालं, की डबीवर तारखेची चिठ्ठी चिकटवून टाका. लोणच्याच्या बरणीवर चिकटवतोच की आपण.