पत्र्याच्या बिऱ्हाडातला रक्तदाब

पौडच्या रस्त्याने मुळशीचे धरण पाहायला निघालेली आपण पुण्याची मंडळी पिरंगुटला चहापुरती थांबतो. कारखान्यांमागची पत्र्याची बिऱ्हाडे काही आपल्या नजरेस पडत नाहीत. यंदा एका आशाताईंच्या मागोमाग मी ती पाहिली.

संध्याकाळची वेळ. मजूर नुकतेच परतलेले. बरोबरच्या नर्सबाईंनी बिहारकडच्या एका गवंड्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा आला १७० वर १०४! गवंडी हसून म्हणाला, “दीदी, हमें तो कुछ होता नहीं!”

हेच तर या दुखण्याचे कपट! दाढ रात्रभर जागवते. रक्तदाब मात्र मुकाट्याने हृदय, मेंदू नि मूत्रपिंडे पोखरीत राहतो. पुन्हा पुन्हा मोजूनही आकडा १४० वर ९० च्या पुढेच राहिला, की दुखो वा न दुखो, उपाय करायलाच हवा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर. तंबाखू बंद, नि डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज.

गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते. अडचण आहे ती बिऱ्हाडाची. इमारत उभी राहिली की मजूर दुसऱ्या कामावर. छठपूजेला गेला की महिनाभर गावी. गोळ्या संपतात, बरे तर वाटतच असते, नि औषध सुटते. म्हणून ताई मोडक्यातोडक्या हिंदीत बजावतात : उद्या केंद्रात येऊन पुन्हा मोजून घे, गावी निघण्याआधी गोळ्यांची बेगमी कर, औषधाचा कागद हरवू नकोस.

आशा योजना २००५ सालानंतरची. पण खेड्यातल्या बाईच्या हाती गावाचे आरोग्य सोपवण्याचा प्रयोग जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० नंतर करून दाखवला होता. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. पदरी मात्र पगार नाही, मानधनच.

मग परक्यांसाठी ही पायपीट कशाला? मी विचारलेच. ताई म्हणाल्या, “आमच्या आजेसासऱ्यांचं गाव धरणात बुडालं. परमुलखात कुणी विचारपूस केली की किती बरं वाटतं, ते घरात ऐकलंय.”

१९२१ साली सेनापती बापटांचा सत्याग्रह पाहिलेल्या मुळशीला गाव सुटण्याचे दुःख कोणी शिकवायला नको.

वाचकहो, आपली घरे याच हातांनी बांधली. राखणदाराला फराळाचे ताट द्याल, तेव्हा एवढे जरूर विचारा : “बाबा रे, रक्तदाब कधी तपासला होतास?”