मुंबई जेवते कुठे

मुंबईतल्या खाण्यापिण्याच्या जुन्या जागांचा इतिहास घर गावाकडे ठेवून आलेल्या माणसांच्या भुकेपासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांनी शहरात पुरुषांचे लोंढे आणले. कोकण, सातारा, कोल्हापूर, मंगळूर, इराणातले यझ्द अशा दूरदूरच्या मुलखांतून आलेल्या या माणसांपैकी बहुतेकांची बायकामुले गावीच राहिली. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. तिथे चूल पेटवायला जागा नव्हती, वेळ नव्हता आणि रांधायला कोणी नव्हते. खाणावळ, इराणी, उडुपी ही या शहराची जुनी जेवणघरे याच गरजेतून उभी राहिली. म्हणूनच त्यांत दिखाऊपणापेक्षा पोट भरण्याला आणि खिशाला परवडण्याला पहिले स्थान मिळाले.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी नोंदली गेलेली जागा म्हणजे गिरणगावातली खाणावळ. लालबाग, परळ, नायगाव, वरळी, डिलाईल रोड या भागांत ती बहुधा चाळीतल्या एखाद्या खोलीतच चाले. बाहेर पाटी नसे. खाणावळवाली बाई पहिल्या पाळीचा भोंगा होण्याआधी उठून भाकऱ्या, चपात्या, आमटी, भात करी. पाळी सुटली की कामगार पंगतीने जेवून जात, काहींचे डबे गिरणीच्या दाराशी पोचवले जात. हिशेब महिन्याचा असे, गावी गेलेल्या दिवसांचे खाडे कापले जात आणि पैसे पगार झाल्यावर मिळत. तोवर बाईला वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज सोसावे लागे. कामगार खाणावळ निवडत ती आपल्या मुलखाची. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्यांना भात, माशाचे कालवण आणि सुके बोंबील हवे असत. घाटावरच्यांना भाकरी आणि झणझणीत रस्सा. अनेक बायका नवरा वारल्यामुळे, आजारी पडल्यामुळे किंवा गिरणीतले स्वतःचे काम सुटल्यामुळे या धंद्यात आलेल्या होत्या. अंगी असलेल्या एकाच भांडवलावर, रांधण्याच्या हातावर, त्यांनी संसार चालवले.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्यांची ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संघटना उभी केली. गोवा मुक्तिसंग्राम आणि कामगार चळवळ यांतून घडलेल्या पुरव यांनी या बायकांना गटागटाने एकमेकींच्या भरवशावर राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले आणि सावकाराचा फास सैल केला. शहराच्या खाद्यसंस्कृतीविषयी लिहिताना मोठ्या हॉटेलमालकांची नावे हटकून येतात. त्या यादीत पहिले नाव खरे तर या बायकांचे असायला हवे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. पगारावर चालणाऱ्या खाणावळींचाही आधार त्याबरोबर गेला. त्यांतल्या थोड्याच पुन्हा सावरल्या.

पाटी लावलेल्या खाणावळींची परंपरा मात्र टिकली. गिरगावात खोताच्या वाडीतले ‘अनंताश्रम’ गोव्याच्या पद्धतीच्या मासळीच्या जेवणासाठी अनेक दशके प्रसिद्ध होते; ते आता बंद झाले आहे. दादर, लालबाग, परळ भागांतल्या मालवणी आणि गोमंतकी हॉटेलांत आजही ताट तेच असते: तळलेली सुरमई किंवा बोंबील, तिसऱ्यांचे सुके, कालवण, भात आणि सोलकढी, कोंबडी मागवली तर सोबत वडे. बोंबील ताजाच हवा, कारण हा पाणीदार मासा लवकर मऊ पडतो. तो दाबून त्यातले पाणी काढायचे, रवा किंवा तांदळाचे पीठ लावून कुरकुरीत तळायचे, हे कसब ज्या स्वयंपाकघरात आहे तिथले बाकीचे ताट सहसा निराश करत नाही.

इराण्याचे हॉटेल खाणावळींच्याच काळात वाढत गेले, पण त्याची घडण वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि केर्मान या भागांतले झरतुष्ट्री गरिबीमुळे आणि धार्मिक छळामुळे मुंबईत येऊ लागले. आधीपासून इथे स्थिरावलेल्या पारशांशी त्यांचा धर्म एकच होता, पण पैसा आणि प्रतिष्ठा यांत अंतर होते. रस्त्याच्या कोपऱ्यावरचे गाळे हिंदू दुकानदार अशुभ मानून घेत नसत आणि ते इराण्यांना स्वस्तात मिळाले, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, कोपऱ्यामुळे हॉटेलाला दोन रस्त्यांची दारे, उजेड आणि वारा मिळाला. संगमरवरी फरशीची टेबले, वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्याजवळ बिस्किटांच्या काचेच्या बरण्या हे रूप बहुतेक ठिकाणी सारखेच होते. खाण्यात ब्रून मस्का, बन मस्का, खारी, मावा केक, खिमा-पाव, अकुरी आणि दाट दुधाचा, कमी पाण्याचा चहा. ब्रून हा बाहेरून कडक पाव चहात बुडवूनच खायचा असतो.

धोबी तलावाचे ‘कयानी’ १९०४ सालचे, मरीन लाइन्सचे ‘ससानियन’ १९१३ सालचे. ग्रँट रोड स्थानकासमोर १९१४ साली सुरू झालेल्या ‘बी. मेरवान’च्या मावा केकसाठी लोक पहाटे जात, कारण सकाळ सरण्याआधीच तो संपत असे. बॅलार्ड इस्टेटमधले ‘ब्रिटानिया’ १९२३ सालचे. इराणहून येणाऱ्या आंबटगोड लाल झेरेश्क बेरी घातलेला बेरी पुलाव ही त्याची ओळख. मालक बोमन कोहिनूर २०१९ साली वारले. नव्वदी ओलांडल्यावरही ते टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांशी गप्पा मारत. इराण्यांच्या भिंतींवर नियमांच्या पाट्या असत: केस विंचरू नका, उगाच बसू नका, कॅशियरशी बोलू नका. धोबी तलावाच्या ‘बस्तानी’तल्या अशा पाटीवर निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताच केली. बस्तानी आता राहिलेले नाही.

इराण्याकडे हमाल, वकील, विद्यार्थी आणि बेकार तरुण एकाच टेबलाशी बसू शकत. जातीपातीनुसार पंगती वेगळ्या असण्याच्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. एका चहावर तासभर बसू देणे त्यांना परवडले, त्यामागे जागेच्या भाड्याचे गणित होते. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी गोठवली आणि मोक्याच्या कोपऱ्यावरची ही हॉटेले स्वस्त राहू शकली. पुढे इमारती मोडकळीस आल्या, जमिनीचे भाव चढले, पुढच्या पिढीने दुसरे व्यवसाय धरले आणि एकेका इराण्याच्या जागी बँक, औषधांचे दुकान किंवा कपड्यांचे दुकान आले. जे उरले आहेत त्यांपैकी कित्येकांना बेकरीने किंवा बिअरच्या परवान्याने तारले.

माटुंग्याची गोष्ट नियोजनातून सुरू होते. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर, माटुंगा, शीवकडे रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहती आखल्या. तिथे दक्षिणेकडचे कारकून, लघुलेखक, रेल्वेतले कर्मचारी राहायला आले. त्यांना सोवळ्याचे, कांदा-लसूण नसलेले जेवण हवे होते. ते उडुपीच्या कृष्णमठाच्या परंपरेत वाढलेल्या आचाऱ्यांनी पुरवले. ए. रामा नायक यांनी १९३६ साली किंग्ज सर्कलला ‘म्हैसूर कॅफे’ आणि १९४२ साली माटुंगा स्थानकाजवळ ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ सुरू केले. बोर्डिंगमध्ये आजही कूपन घेऊन रांगेत थांबायचे, केळीच्या पानावर सांबार, रसम, कूटू, भात, पापड आणि ताक घ्यायचे. ‘कॅफे मद्रास’ १९४० सालचा. तिथला रागी डोसा आणि नीर डोसा चुकवू नये. रविवारी सकाळी दाराशी असलेली गर्दी पाहून परत फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की रांग भरभर सरते, कारण इथे जेवून झाल्यावर कोणी रेंगाळत नाही. याच परिसरात ताजी दळलेली कॉफी, केळीची पाने, मोगऱ्याचे गजरे आणि केळ्याचे वेफर्स विकणारी दुकाने आहेत. पुढे उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टी मंडळींनी हा धंदा शहरभर नेला. हॉटेलात दिवसा काम आणि संध्याकाळी रात्रशाळा, अशा वाटेने त्यांतले कितीतरी मुलगे पुढे मालक झाले.

मराठी उपाहारगृहे मुख्यतः गिरगाव आणि दादरला वाढली. दादर स्थानकाजवळचे ‘मामा काणे’ १९१० सालचे. साधा, फार तिखट नसलेला बटाटेवडा ही त्याची खूण. ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा आणि पीयूष, गिरगावच्या ‘विनय’ची मिसळ, ‘पणशीकर’ आणि ‘तांबे’ यांचे फराळाचे पदार्थ यांवर गिऱ्हाइकांच्या पिढ्या वाढल्या. शिवसेना भवनासमोरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका खाद्यपुरस्कारात जगातल्या सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. या उपाहारगृहांचे खरे सामर्थ्य मात्र थालीपीठ, कोथिंबीर वडी, डाळिंबी उसळ आणि खरवस अशा पदार्थांत आहे. घरोघरी ते आता क्वचित होतात, त्यामुळे या स्वयंपाकघरांची जबाबदारी वाढली आहे.

वडापाव जन्मला तो दादर स्थानकाबाहेर, अशोक वैद्य यांच्या गाडीवर, १९६६च्या सुमारास. पाव पोर्तुगीजांकडून आलेला, वडा घरचा, लसणाची कोरडी चटणी घाटावरची. गाडी पकडण्याच्या घाईतल्या माणसाला ताट-वाटीशिवाय एका हातात धरून खाता येईल असे हे जेवण होते. गिरणी संपानंतर अनेक बेकार कामगारांनी वडापावच्या गाड्या लावल्या.

भेंडी बाजार, मोहम्मद अली रोड आणि बोहरी मोहल्ला इथले खाणे रात्री बहरते. १९२३ सालच्या ‘नूर मोहम्मदी’ची नल्ली निहारी रात्रभर मंद आचेवर शिजते. हे मुळात पहाटेचे, कष्टकऱ्यांचे खाणे; नळीतला मगज आणि खमिरी रोटी पुढच्या कामासाठी पुरत असे. या हॉटेलाच्या भिंतीवर मकबूल फिदा हुसेन यांचे चित्र आहे. रमजानमध्ये मिनारा मशिदीजवळ ‘सुलेमान उस्मान मिठाईवाला’ आणि आसपासच्या दुकानांत मालपुवा आणि मातीच्या कुल्हडातली फिरनी घेण्यासाठी सर्व धर्मांचे लोक येतात. बोहरी मोहल्ल्यातले ‘ताज आइस्क्रीम’ १८८७ सालचे. लाकडी पिंपात बर्फ आणि मीठ भरून, मधले भांडे हाताने फिरवून केलेल्या त्या आइस्क्रीममध्ये सीताफळ खरोखर सीताफळच लागते. भेंडी बाजाराचा मोठ्या प्रमाणावर पुनर्विकास चालू आहे. जुन्या गल्लीतल्या गाड्या आणि छोटी दुकाने उंच इमारतींच्या तळमजल्यावर मावतील का, याची काळजी तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला वाटावी.

फाळणीने आणखी एक भर घातली. शीव कोळीवाडा, चेंबूर आणि उल्हासनगर इथे पंजाबी आणि सिंधी निर्वासितांच्या छावण्या उठल्या. छोले, समोसे, दाल-पकवान, सिंधी मिठाई शहरात आली ती याच वाटेने. देशभरच्या हॉटेलांत मिळणारी ‘कोळीवाडा’ पद्धतीची तळलेली मासळी आणि कोळंबी शीव कोळीवाड्यातल्या निर्वासित पंजाब्यांच्या कढईतली आहे.

पिण्याच्या जागांवर कायद्याचा ठसा सर्वांत खोल आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर शहरात पूर्ण दारूबंदी आली. डॉक्टरच्या दाखल्यावर परवाना मिळवणाऱ्यांची सोय झाली. बाकीचे हातभट्टीकडे किंवा वांद्रे, माहीम, धोबी तलाव भागांत गोव्याकडच्या आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती बायकांच्या घरगुती अड्ड्यांकडे वळले. हे अड्डे ‘आंटी’च्या नावाने ओळखले जात. १९६०च्या दशकात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, बंदी सैल झाली आणि परवानाधारकांना हॉटेलात वेगळ्या खोलीत दारू देण्याची व्यवस्था रुजली. तीच परमिट रूम.

चांगल्या परमिट रूममध्ये वेटर नेहमीच्या गिऱ्हाइकाचा ब्रँड विचारत नाही. शेंगदाणे, चणे, काकडी असा चकना टेबलावर आधी येतो आणि क्वार्टरचा भाव भिंतीवर लिहिलेला असतो. मालक बहुधा मंगळूरकडचा असल्याने चिकन सुके आणि तळलेली मासळी उत्तम मिळते. एकट्याने येऊन शांतपणे बसणाऱ्या माणसाला इथे कोणी हटकत नाही. कुलाब्याच्या दोन जुन्या इराण्यांनी हाच मार्ग अधिक झगमगाटाने चोखाळला. ‘मोंडेगर’च्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रे आहेत. १८७१ सालच्या ‘लिओपोल्ड’वर २६ नोव्हेंबर २००८ रोजी अतिरेक्यांनी गोळीबार केला, काही दिवसांतच ते पुन्हा उघडले आणि गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्या गेल्या.

१९४९चा कायदा नाव बदलून, अनेक दुरुस्त्यांसह, महाराष्ट्रात अजून लागू आहे. कागदोपत्री आजही दारू पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजन्म असे त्याचे प्रकार आहेत. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची, तर इतर मद्यासाठी २५ वर्षांची आहे.