शुक्रवारचा नवा चित्रपट : लगेच पाहावा की थांबावे?

दर शुक्रवारी नवे चित्रपट प्रदर्शित होतात आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत कोणता पाहावा, हा प्रश्न घरोघरी निघतो. मुलांचे म्हणणे एक, आजीचे दुसरे, आणि खर्च ज्याला करायचा त्याचे तिसरे. बहुतेक वेळा ज्याची जाहिरात मोठी त्याची तिकिटे काढली जातात. हा विषय किरकोळ वाटेल. परंतु चार माणसांच्या कुटुंबाचे तीन तास, त्यांचे पैसे आणि मुलांच्या मनावर उमटणारी चित्रे यांचा तो निर्णय असतो. तो विचारपूर्वक कसा घ्यावा, हे येथे समजून घेऊ या.

कोल्हापूरकरांना चित्रपटाविषयी परकेपणा नाही. कलामहर्षी बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली येथूनच पडद्यावर आणला. शेतकऱ्याची सावकाराकडून होणारी नागवणूक दाखवणारा ‘सावकारी पाश’ १९२५ साली आला. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली आणि पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली तिने येथेच तयार केला. पुढे १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ हा तर शहराच्या अभिमानाचा विषय. आजही व्हीनस कॉर्नर किंवा उमा टॉकीज असा पत्ता सांगितला की कोल्हापूरकराला अधिक खुलासा लागत नाही. अशा गावाला चित्रपट पाहावा की पाहू नये, हे शिकवण्याची गरज नाही. कोणता, कोणाला घेऊन आणि केव्हा पाहावा, एवढेच ठरवायचे आहे.

पहिल्या तीन दिवसांची घाई कशासाठी?

प्रथम ही घाई कोठून येते ते पाहू. चित्रपटगृहाचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. तिकिटाचे पैसे चित्रपटगृह आणि वितरक यांच्यात विभागले जातात. २००९ साली निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात सुमारे दोन महिने वाद चालला आणि त्या काळात बहुतेक नवे हिंदी चित्रपट तेथे लागले नाहीत. तडजोड झाली तेव्हा हिंदी चित्रपटांसाठी एक सूत्र ठरले : वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० टक्के. म्हणजे प्रेक्षक जितका लवकर येईल तितका वितरकाचा लाभ अधिक. शिवाय चित्रपट कसा आहे हे लोकांच्या तोंडी होण्याआधीच तिकीट विकले गेले, तर वाईट चित्रपटाचेही पैसे वसूल होतात. जाहिरातीचा सारा जोर पहिल्या शुक्रवार-रविवारवर का असतो, हे यावरून ध्यानात येईल. आपण निर्णय घाईने घ्यावा, यात कोणाचा तरी फायदा आहे.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. मोठा हिंदी चित्रपट दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यातही मिळतो. लहान मराठी चित्रपटाचे तसे नसते. पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर पुढील आठवड्यात त्याचे खेळ कमी होतात किंवा अडनिड्या वेळेला ढकलले जातात. मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये सोयीची वेळ मिळावी म्हणून २०१५ साली राज्य शासनाला लक्ष घालावे लागले आणि दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ त्यासाठी ठरवण्यात आली, ती याच अडचणीमुळे. म्हणून सरसकट ‘थांबा’ असा सल्ला देणे योग्य होणार नाही. मोठा चित्रपट थांबू शकतो, लहान थांबू शकत नाही, हा भेद मनात ठेवावा.

प्रमाणपत्र काय सांगते आणि काय सांगत नाही

‘सैरंध्री’मध्ये भीमाने केलेला कीचकवध इतका हुबेहूब दाखवला होता की ते दृश्य सेन्सॉरच्या कात्रीत सापडले. लोकमान्य टिळकांनी ज्यांना ‘सिनेमाकेसरी’ म्हणून गौरवले, त्या पेंटरांनाही कात्री चुकली नाही. प्रेक्षकाने काय पाहावे हे त्या काळी बव्हंशी सरकार ठरवीत असे. आज त्या निर्णयाचा मोठा भाग कायद्यानेच पालकांकडे सोपवला आहे. परंतु पुष्कळ पालकांना याची कल्पना नसते.

१९५२ च्या चित्रपट कायद्याखाली केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ प्रत्येक चित्रपटाला प्रमाणपत्र देते. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी खुला. ‘ए’ म्हणजे केवळ प्रौढांसाठी; अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला आईवडिलांसोबतही त्यात प्रवेश नाही. ‘एस’ हे प्रमाणपत्र डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यावसायिकांसाठी असते. ते आपल्या पाहण्यात क्वचितच येते. यांच्या मध्ये ‘यूए’ आहे आणि खरा विचार येथेच करावा लागतो. पूर्वी ‘यूए’चा अर्थ एकच होता : बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४ साली नवे नियम आले आणि या वर्गाचे तीन भाग झाले : सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील. हा आकडा पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहे. दारावरचा कर्मचारी त्यावरून मुलाला अडवणार नाही. अडवायचे की नाही हे आईवडिलांनीच ठरवायचे आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘छावा’चे उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजी महाराजांवरील या हिंदी चित्रपटाला महाराष्ट्रात अलोट गर्दी झाली. त्याचे प्रमाणपत्र सोळा वर्षांवरील ‘यूए’ होते, कारण शेवटच्या भागात महाराजांचा झालेला छळ सविस्तर दाखवला आहे. तरीही ‘मुलांना इतिहास कळला पाहिजे’ या सद्हेतूने असंख्य पालक सहा-सात वर्षांच्या मुलांना घेऊन गेले. चित्रपटगृहात हुंदके देणाऱ्या लहानग्यांच्या चित्रफिती त्या दिवसांत सर्वत्र फिरत होत्या. त्या अश्रूंत महाराजांविषयीचा आदर होता, यात शंका नाही. परंतु सात वर्षांच्या मुलाच्या मनात त्या रात्री काय उरते, आदर की भीती, हा प्रश्न तिकीट काढण्यापूर्वी विचारायचा होता. तोच चित्रपट सतरा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन पाहण्यात आणि नंतर त्यातील इतिहास कोणता व नाट्य कोणते याची चर्चा करण्यात मोठे शिक्षण आहे. चित्रपट एकच असतो. प्रेक्षक बदलला की निर्णय बदलतो.

आणखी एक गोष्ट. प्रमाणपत्र हे गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र नव्हे. ‘यू’ असलेला चित्रपट पोकळ असू शकतो आणि ‘ए’ असलेला प्रौढांना अंतर्मुख करणारा असू शकतो. कोणाला प्रवेश द्यावा, एवढेच मंडळ सांगते. तो पाहण्याजोगा आहे की नाही, हे सांगणे त्याचे काम नाही.

जाहिरातीने न सांगितलेला भाग

ट्रेलर आणि गाणी चित्रपटाची निम्मीच ओळख करून देतात. २०१६ सालच्या ‘सैराट’ची गाणी लग्नाच्या वरातीत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजत होती. त्या तालावर नाचलेली मुले चित्रपटगृहात गेली, तेव्हा शेवटी त्यांच्यासमोर एका तरुण जोडप्याच्या हत्येचे दृश्य आले. नागराज मंजुळे यांनी तो शेवट सहेतुक केला होता आणि जातीच्या खोट्या प्रतिष्ठेपायी आपल्या समाजात काय घडते, ते मोठ्यांना पाहायला लावले होते. तथापि गाण्यांवरून हा शेवट कोणालाही कळला नसता. तो आधी चित्रपट पाहिलेल्या माणसाकडूनच कळतो.

म्हणून परीक्षण वाचताना किती तारे दिले आहेत याकडे कमी लक्ष द्यावे आणि मजकुराकडे अधिक. कथा कशाविषयी आहे, हिंसा किंवा अश्लीलता कथेची गरज म्हणून येते की गर्दी खेचण्यासाठी, विनोद कोणाच्या दुबळेपणावर केला आहे, हे चांगला परीक्षक लिहितो. शक्य असल्यास एक मराठी व एक इंग्रजी अशी दोन परीक्षणे वाचावीत. दोघांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवले असेल, तर ती गोष्ट बहुधा खरी असते. याहून विश्वासाचा मार्ग म्हणजे आपल्यासारखीच मुले असलेल्या परिचितांना विचारणे. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ला महिलांचे गट एकमेकींना सांगून गेले आणि तो आठवडेच्या आठवडे चालला. तोंडी शिफारशीचे बळ हे असे असते.

ख्रिस्तसभेची भूमिका

या विषयात ख्रिस्तसभेची भूमिका कशी विकसित होत गेली, तेही लक्षात घेण्याजोगे आहे. पोप पायस अकरावे यांनी १९३६ साली चित्रपटावर परिपत्रक काढले; त्या काळी देशोदेशी चित्रपटांची वर्गवारी करून ती श्रद्धावंतांना कळवण्यावर भर होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसारमाध्यमांविषयी आदेशपत्र स्वीकारले. त्यात निवडीची जबाबदारी प्रेक्षकावर टाकली आहे, आईवडिलांना मुलांविषयी दक्ष राहण्यास सांगितले आहे आणि तरुणांनी जे पाहिले त्यावर जाणत्यांशी चर्चा करावी, असेही सुचवले आहे. चित्रपटाची शंभर वर्षे साजरी होत असताना १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. पाहू नयेत अशा चित्रपटांची ती यादी नव्हती; पाहण्याजोग्या चित्रपटांची होती. तिच्यात ‘गांधी’ आहे, आणि नाझी अत्याचारांचे अंगावर येणारे दर्शन घडवणारा ‘शिंडलर्स लिस्ट’ही आहे. वाईटाचे चित्रण म्हणजे वाईटाचे समर्थन नव्हे. ते चित्रण आपल्याला कोणाच्या बाजूने उभे करते, हे पाहायचे असते.

तिकीट काढण्यापूर्वी

आता या शनिवार-रविवारचे पाहू. कुटुंबाने एकत्र बसून चार प्रश्न विचारावेत. आपल्यापैकी सर्वांत लहान कोण येणार आहे आणि प्रमाणपत्रावरचा आकडा त्याला लागू पडतो का? चित्रपट पाहिलेल्या किमान एका विश्वासू माणसाचे मत आपल्याकडे आहे का? हा चित्रपट पुढच्या आठवड्यातही मिळेल का? आणि मोठ्या पडद्यावर, अंधारात, चारचौघांसोबत पाहण्यासारखे त्यात काही आहे का, की तो काही आठवड्यांनी घरच्या पडद्यावर पाहिला तरी चालेल?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल आणि चित्रपट मोठा असेल, तर एक आठवडा थांबावे. त्यात काहीच गमावत नाही. मोठे हिंदी चित्रपट साधारणपणे आठ आठवड्यांपर्यंत घरी येत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरते, मधल्या वारी तिकीटही पुष्कळदा स्वस्त पडते. मात्र चित्रपट लहान, मराठी आणि चांगल्या हेतूने केलेला दिसत असेल, तर पहिल्या रविवारीच जावे. मुलांबाबत शंका असल्यास आधी आईवडिलांनी दोघांनीच जाऊन यावे. तेच इतरांसाठी विश्वासू माणूस ठरतील. रविवारचा सकाळचा खेळ सोयीचा वाटतो, परंतु मिस्साची वेळही तीच असते. तेव्हा दुपारचा खेळ निवडावा. आजरा-गडहिंग्लजहून येणाऱ्यांनी परतीच्या एस.टी.ची वेळ पाहूनच खेळ ठरवावा, म्हणजे शेवट अर्धवट सोडून उठावे लागणार नाही.

सर्वांचे एकमत होईलच असे नाही. अशा वेळी एका आठवड्याला मुलांची निवड आणि पुढच्या वेळी आजीची, असे पाळीपाळीने ठरवणाऱ्या कुटुंबांत तक्रार कमी होते. आणि आजीच्या निवडीत मुलांना पुष्कळदा अनपेक्षित आनंद मिळतो.

दुःख दाखवणारा चित्रपट मुलांपासून दूरच ठेवावा, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. २००४ सालचा ‘श्वास’ आठवा. डोळ्यांच्या कर्करोगाने दृष्टी गमावणार असलेल्या नातवाला आजोबा जगाचे अखेरचे दर्शन घडवतात. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले, ते याच चित्रपटाला. आजी-आजोबांच्या शेजारी बसून तो पाहणाऱ्या मुलाच्याही डोळ्यांत पाणी येते. पण त्या पाण्यातून करुणा जन्मते. क्रौर्य आणि दुःख यांतला हा फरक ओळखता आला, की निवड बरीच सोपी होते.

आणि एक शेवटचे. चित्रपट संपल्यावर घरी परतताना त्यावर अवश्य बोलावे. कोणते पात्र आवडले, कोणाचे वागणे चुकले, आपण त्या जागी असतो तर काय केले असते, असे दोन-तीन प्रश्न पुरेत. मुलांना जे सहन झाले नाही तेही या बोलण्यातच बाहेर येते, आणि पुढच्या शुक्रवारी काय पाहावे याचे उत्तर देणे आईवडिलांना त्यामुळे थोडे अधिक सोपे जाते.